उभ्याने आरवणारा कोंबडा

खिळेवाले पणजोबा, त्यांचे चिरंजीव काटेवाले आजोबा, त्यांचे चिरंजीव अण्णा, आणि थोरली, धाकटी व एकुलती एक ही तिन्ही पदे एकटीने सांभाळणारी अण्णांची कन्या ताई. ज्या घराला आपल्या मागच्या तीन पिढ्या अडखळल्यावाचून म्हणता येत नाहीत, त्या घराने ऋण काढू नये; फेडायचे कोणी, यावरच पुढे भांडणे होतात. या घराला पिढ्याही पाठ होत्या आणि ऋणही पाठ होते. ऋण होते एका कोंबड्याचे.

खिळेवाले पणजोबा जनावरांचे औषधपाणी करीत. गंजक्या खिळ्यांचे पाणी आणि त्यात लिंबाचा रस, हे त्यांचे हुकमी औषध. फिकुटलेली वासरे ते पीत आणि थोड्याच दिवसांत दावी तोडू लागत. आंबटामुळे लोखंड अंगी लागते, हे कारण पणजोबांना ठाऊक नव्हते. गुण मात्र ठाऊक होता, आणि त्या गुणावरून त्यांनी घराला नियमच घालून दिला. औषध कधी एकटे द्यायचे नाही, सोबत आंबट हवेच. तो नियम पुढे असा हाडीमासी भिनला की अण्णा डोकेदुखीची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेत, त्याने पोट बिघडले की पोटाची गोळी घेत, आणि तीही लिंबूपाण्याबरोबरच.

याच पणजोबांना एकदा पहाटेच्या गाडीने जनावरांच्या बाजाराला जायचे होते. झोप अशी की उशाशी ढोल बडवले तरी कूस बदलायची नाही. म्हणून त्यांनी शेजारच्यांचा नामांकित कोंबडा एका रात्रीपुरता उसना आणून खाटेच्या पायाला बांधला. कोंबड्याने आपले काम चोख बजावले. पणजोबांनी अर्धवट झोपेत हाताला लागलेला जोडा भिरकावला, तोही चोख लागला. कोंबडा गेला, आणि पणजोबा पुन्हा झोपल्यामुळे गाडीही गेली. शेजाऱ्यांपुढे उभे राहून त्यांनी शब्द दिला, "याच्या तोडीचा कोंबडा परत करीन. मी नाही तर माझं पोर करील."

पोराने केला. बाजारात वजनाचा काटा सांभाळणारे, म्हणून काटेवाले, आजोबा चार माणसे साक्षीला घेऊन, कडेवर ऐटबाज कोंबडा घेऊन शेजारच्या अंगणात गेले. भाषण सुरू असतानाच कोंबड्याने अंडे घातले. साक्षीदारांनी ते अंडे उचलून आजोबांच्या हाती दिले आणि सगळे मुकाट्याने घरी आले. पुढे अण्णांनी नेलेला कोंबडा निदान कोंबडा होता, पण तो फक्त संध्याकाळी आरवायचा, तेही कोणी जेवायला बसले की. आठवड्याने तो परत आला.

आता पलीकडे, त्याच शेजारघरात, सासूच्या जागी काकू राज्य करीत होत्या. काकू कधी भांडल्या नाहीत. भांडणाऱ्या शेजारणीचा बंदोबस्त करता येतो. आठवण करून देणारीचा काय करणार? अण्णा नवा सदरा घालून निघाले की भिंतीवरून आवाज यायचा, "छान दिसतोय हो सदरा. आमच्या कोंबड्याची पिसं अशीच होती म्हणे." अण्णा तो सदरा पुन्हा घालत नसत. घरच्या कपाटात एकदाच घातलेल्या सदऱ्यांचा एक अख्खा खण होता.

ताई पशुखाद्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती. दाण्यात काय आहे आणि काय नाही हे तपासणे हा तिचा धंदा, आणि घरावरचे हे लांच्छन एकदाचे पुसणे हा तिचा निश्चय. तिने अंड्यापासून एक कोंबडा वाढवला. छाती पुढे, तुरा लालभडक, आणि वागणे असे की अंगणातल्या सगळ्या कोंबड्यांच्या कामावर देखरेख करायला सरकारने नेमले आहे. त्याचे नाव आपोआपच मुकादम पडले.

असे सगळे नीट चालले असताना दोन गोष्टी एकदम घडल्या. एके सकाळी काकूंनी भिंतीवर कोपरे टेकवून जाहीर केले, "थोरल्यानं गावाबाहेर घर बांधलंय. रंगाचे हात चाललेत. शेवटचा हात वाळला की आम्ही निघालो. मग तुम्ही सुटलात, अण्णा."

"सुटलो कसे?" अण्णांनी कसेबसे विचारले.

"बुडीत खाती टाकायचं आता. तीन पिढ्या वाट बघितली, चौथीला कशाला त्रास?"

बुडीत! अण्णा घरात आले ते सरळ खाटेवर आडवे झाले. देणेकरी म्हणून जगणे त्यांना सवयीचे होते. बुडवा म्हणून उरणे त्यांना सोसणारे नव्हते. आणि दुसरी गोष्ट अशी की त्याच दिवशी दुपारी मुकादमाचे पाय गेले. चालता चालता तो गुडघ्यांत वाकला, बादलीला टेकला, आणि बादलीला टेकूनच कोंबड्यांना दटावू लागला.

ताईने त्याला उलटासुलटा तपासला. हाड मोडलेले नव्हते, जखम नव्हती. मांड्यांचे स्नायू मात्र ओल्या चिंधीसारखे लागत होते. तिने घरचा दाणा कारखान्यात नेऊन तपासला आणि कारण सापडले. आसपासच्या मातीतच सेलेनियम कमी, म्हणून दाण्यातही कमी.

"सेलेनियम म्हणजे काय गं? नाव तर परदेशी मावशीसारखं आहे," आई म्हणाली.

"खनिज आहे, आई. रोज किंचितसं लागतं. शरीर श्वास घेतं, काम करतं, तेव्हा आत ठिणग्या उडतात. त्या विझवायला शरीरानं पहारेकरी ठेवलेत. त्यातल्या एकाची लाठी सेलेनियमची असते. लाठी नसेल तर पहारेकरी नुसताच शिट्ट्या मारतो आणि ठिणग्या स्नायू जाळतात."

"म्हणजे आपल्या मुकादमाचे पाय आतून करपले?"

"करपायला लागलेत. अजून वेळ आहे."

वरिष्ठांची परवानगी घेऊन ताईने कारखान्यातून सेलेनाइट आणले. हे सेलेनियमचे मीठ, पाण्यात पटकन विरघळणारे. हा पदार्थ चिमटीने टाकायचा नव्हे. कमी पडला तर पाय जातात, जास्त झाला तर कोंबडाच जातो. ताईने हातमोजे घालून, श्वास रोखून काट्यावर तोलले, काचेच्या बाटलीत घट्ट द्रावण केले आणि रोज पिण्याच्या पाण्यात त्याचे किती थेंब टाकायचे याचा हिशेब दोनदा मांडला. सगळे शास्त्रशुद्ध. द्रावण पाण्यासारखे नितळ दिसत होते. तेवढ्यात खाटेवरून अण्णांचा आवाज आला, "आंबट?"

ताईच्या मनात क्षणभर काहीतरी टोचले. पण घरचा नियम डोक्याने पाळायचा नसतो, हातच तो पाळतात. तिच्या हाताने फडताळातून क जीवनसत्त्वाची पूड काढली आणि चमचाभर बाटलीत टाकली. लिंबापेक्षा शुद्ध आंबट, पणजोबांना लाभले असते तर त्यांनी आनंदाने उडीच मारली असती.

बाटलीतले द्रावण पिवळसर झाले. मग नारिंगी. मग बघता बघता विटेसारखे लाल.

"रंग चढला!" अण्णा खाटेवरून उठून बसले. "बघ, बघ! नुसतं रक्त आहे रक्त! आजवर कधी औषधानं असा रंग धरला नव्हता. खिळेवाले आजोबा असते तर..."

"आजोबा झोपले असते," आई म्हणाली. "ताई, हे असं लाल व्हायला हवं का?"

"होत असेल," ताई म्हणाली. प्रयोगशाळेत कोणी असे उत्तर दिले असते तर तिने त्याला दाराबाहेर उभे केले असते.

मुकादमाला गुलाबी पाणी फार आवडले. तो दिवसभर पीत राही आणि चोचीपासून गळ्यापर्यंत रंगून बसे. भिंतीवरून काकूंनी ते पाहिले.

"अण्णा, औषध पाजताय की लिपस्टिक लावताय?"

"ताकदीचं आहे ते!" अण्णा आज प्रथमच भिंतीकडे तोंड करून बोलले.

"असेल बाई. तिकडे घराला दुसरा हात झाला हो. तोही साधारण याच रंगाचा."

दिवस गेले. रंग वाढला, ताकद वाढली नाही. मुकादम आता बादलीला टेकूनही उभा राहीना. पहाटे आरवायचे कर्तव्य तो चुकवत नसे, पण आडव्याने आरवे, एका कुशीवर लवंडून. ते आरवणे जमिनीला समांतर जाई, आणि त्यामुळे खालच्या खोलीत झोपणाऱ्या अण्णांना फार मोठे ऐकू येई. अण्णांनी त्यातूनही मार्ग काढला.

"शब्द कोंबड्याचा दिलाय ना? हा कोंबडा आहे. आरवतोय. उभ्यानं आरवेल असं कुठं ठरलंय?"

"काकू, चालेल का हो?" आईने भिंतीपलीकडे विचारले, कारण नवऱ्याची बुद्धी चारचौघांत उघडी पडलेली तिला अधूनमधून बरी वाटे.

"आमचा उभ्यानं आरवत होता," काकू म्हणाल्या. "त्याच्या तोडीचा, असा शब्द आहे. आडवा कोंबडा मला पातेल्यातच बरा दिसतो."

हे ऐकून ताई आत गेली, दार लावले आणि ती बाटली उजेडात धरली. आता तिने घरच्या मुलीच्या नव्हे, प्रयोगशाळेतल्या बाईच्या नजरेने पाहिले. वरचे पाणी जवळजवळ नितळ होते. तळाशी लाल गाळ बसला होता. तिने बाटली हलवली, गाळ उठला. ठेवली, पुन्हा बसला. ताईने कपाळावर हात मारला, तो इतक्या जोराने की आई धावत आली.

"मेलं का गं काही?"

"सेलेनियम मेलं, आई. मीच मारलं. बाटलीतच."

रात्रीच्या जेवणावर घरची सभा बसली. अण्णांना समजेल असे बोलायचे तर विज्ञान नातेवाइकांच्या रूपाने मांडावे लागते, हे ताईला लहानपणापासून माहीत होते.

"असं बघा, अण्णा. सेलेनाइट म्हणजे अंगाखांद्यावर ऑक्सिजनचे दागिने घालून आलेला जावई. हा शरीरात गेला की तिथे ग्लुटाथायोन नावाच्या सासूबाई असतात. त्या त्याचे दागिने उतरवतात, पण हिशेबानं, एकेक करून, आणि त्याला लगेच कामाला जुंपतात. पहारेकऱ्याची लाठी त्यातूनच बनते."

"सासू शहाणी आहे," आई म्हणाली.

"आणि क जीवनसत्त्व म्हणजे हौशी मेव्हणी. ही पण ठिणग्या विझवणारीच, स्वभावानं चांगली. पण आपण तिला जावयाच्या स्वागताला फाटकावरच उभी केली. तिनं प्रेमाच्या भरात त्याचे सगळे दागिने एका दमात ओरबाडले. जावई जागच्या जागी लाल होऊन बसला. ते लाल म्हणजे नुसतं सेलेनियम, पाण्यात विरघळत नाही, अंगी लागत नाही. चोचीतून आत गेलं, मागून बाहेर गेलं. मुकादम इतके दिवस रंग प्यायला, बाकी काही नाही."

अण्णांनी घास ताटात ठेवला. "म्हणजे आंबटानं घात केला?"

"लोखंडाला आंबट हवंच. पणजोबा बरोबर होते. सेलेनाइटला असं बाटलीत नको."

"मग उद्यापासून आंबटाशिवाय दे, झालं," आई म्हणाली.

अण्णांचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांना सदऱ्याविना रस्त्यावर जायला सांगितले आहे. "खिळेवाल्या आजोबांचा शब्द पाळायचा म्हणून त्यांचाच नियम मोडायचा? मग वर गेल्यावर मी त्यांना तोंड कोणतं दाखवू? एका हातानं आशीर्वाद देणार आणि दुसऱ्या हातात जोडा असणार त्यांच्या!"

आईने तोंड उघडले, पण ताईने तिला खुणेने थांबवले. तिला वडिलांचे हसू येत होते आणि वडिलांसाठी रडूही येत होते. हा माणूस जन्मभर मान खाली घालून चालला होता. त्याची मान वर करायची तर त्याच्याच मानेवर पाय देऊन कसे चालेल?

"नियम मोडायला नको," ती म्हणाली. "जावई बदलू."

सेलेनियमचे दुसरे रूप यीस्टमध्ये वाढवलेले मिळते. त्यात ते मेथिओनिन नावाच्या प्रथिनाच्या तुकड्यात घट्ट बसलेले असते. ताईने समजावले, "हा जावई दागिने घालून येतच नाही. तो घरच्याच लेकीचा हात धरून येतो. मेव्हणीला त्याच्याकडून ओरबाडायला काही मिळत नाही. शरीर त्याला घरचा माणूस समजून थेट आत घेतं, स्नायूत ठेवतं, लागेल तसं वापरतं. आणि जोडीला ई जीवनसत्त्व देऊ. ते पेशीच्या भिंतीतल्या तेलकट भागात बसतं आणि तिथल्या ठिणग्या पाहतं. एक उंबऱ्यावर, एक आत."

"आणि आंबट?"

"पाहिजे तेवढं घाला. तुमच्या हातानं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सारे घर एका परातीभोवती बसले. ताईने तोलून घेतलेली पूड दाण्याच्या भरड्यात कालवली. अण्णांनी सदऱ्याच्या बाह्या सारून, तोंडाने पणजोबांचे नाव घेत, लिंबू पिळले. मग सगळ्यांनी परातीत डोकी घातली. चहा निवला तरी कोणी उठेना. भरडा होता तसाच राहिला, भुरकट, गरीब.

"रंगच नाही," अण्णा खिन्न होऊन म्हणाले. "यात काही जोर दिसत नाही, ताई."

"रंगावर जाऊ नका," आई परात उचलत म्हणाली. "मी एकदा गेले होते रंगावर. बघतेय अजून."

मुकादमाने भुरकट भरडा नाखुशीने खाल्ला. पहिले काही दिवस काहीच घडले नाही, आणि पलीकडून रोज बातम्या येत राहिल्या. खिडक्या झाल्या. दारे झाली. शेवटचा हात सुरू झाला. रंगाऱ्याला ताप आला, तेव्हा अण्णांनी आयुष्यात प्रथमच परक्याच्या तापाबद्दल समाधान मानले आणि प्रायश्चित्त म्हणून त्याला लिंबे पाठवली. तो लगेच बरा झाला. अण्णा पुन्हा खाटेवर पडले.

त्या खाटेवरून ते उठले ते मुकादमामुळे. दार उघडे होते. मुकादम आत आला, आणि चालत आला. उंबऱ्याशी थोडा अडखळला, पण पडला नाही. खोलीच्या मधोमध थांबून त्याने भर दिवसा लोळत पडलेल्या गृहस्थाकडे पाहिले, आपल्या पदाला शोभेल असा आवाज काढला, आणि अण्णांच्या पायाच्या अंगठ्याला कडकडून चोच मारली.

"ताई!" अण्णा खाटेवर उभे राहून ओरडले. "उभा राहिला गं! मारतोय मला! बरा झाला!"

काकू निघाल्या त्या पहाटे फाटकाशी सामानाची गाडी उभी होती. कपाटे चढली, गाद्या चढल्या, काकूंचा थोरला मुलगा दोऱ्या आवळीत होता. अण्णा मुकादमाला छातीशी धरून गेले. साक्षीदार कोणी नेले नाहीत. साक्षीदारांचा या घराला वाईट अनुभव होता. मागे ताई, तिच्या मागे आई.

काकूंनी पदर खोचला आणि परीक्षा सुरू केली. पंख उचलले. मांड्या दाबून पाहिल्या. पुन्हा दाबल्या. मुकादमाला खाली ठेवून चार पावले चालवले.

"कोंबडी नाही ना?"

"नाही."

"जेवताना ओरडणारा?"

"नाही, काकू. पहाटेचाच आहे."

"मग आरव म्हणावं. उभ्यानं."

मुकादम उभा होता. चोच मिटून, मान उंच करून, परक्या अंगणाची पाहणी करीत होता. पूर्वेला उजाडू लागले. गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, तर मुकादमाने त्याच्याकडे तुच्छतेने पाहिले आणि पुन्हा गप्प.

"नवी जागा आहे," ताई म्हणाली. खनिजे तोलता येतात, मर्जी तोलता येत नाही.

"मला उशीर होतोय, अण्णा," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता, हेच फार वाईट होते. "राहू दे. तुम्ही केलंत ते पुष्कळ झालं."

तेव्हा अण्णांनी जे केले ते त्या घराण्यात कोणी केले नव्हते. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी सोडली, हात मागे नेले, टाचा उंचावल्या, आणि सगळ्या आळीसमक्ष, वयाच्या मानाने बऱ्याच खड्या आवाजात, कोंबड्यासारखी बांग दिली.

आईने पदर तोंडाला लावला. थोरल्याच्या हातून दोरी सुटली. पण खरा अपमान मुकादमाचा झाला होता. आपल्या हद्दीत, आपल्यासमोर, हा दुसरा कोण? त्याने दोन्ही पाय जमिनीत रोवले, पंख झटकले, छाती फुगवली आणि असा काही आरवला की तिसऱ्या घरातल्या खिडक्या उघडल्या. अण्णांनी पुन्हा बांग दिली. त्याने दुप्पट जोराने उत्तर दिले. तिसऱ्यांदा अण्णांचा श्वास संपला. मुकादमाचा संपला नाही. तो आरवतच राहिला, उभ्याने, आणि पाय तसूभर हलले नाहीत.

ताईने डोळे पुसले. गाडीवाला म्हणाला, "दोघांतला कुठला चढवायचा?"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी वाकून मुकादमाला उचलले, काखेत नीट बसवले, आणि त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. त्यांच्या सासूबाईंनी आणि सासूबाईंच्या सासूबाईंनी ज्याची वाट पाहिली होती ते वजन आता त्यांच्या काखेत होते, ऊबदार आणि रागावलेले.

"याला खायला काय घालायचं, ते सांग, ताई."

ताईने पुडा दिला आणि माप समजावले. अण्णा मध्येच म्हणाले, "आणि वरून लिंबू." काकूंनी तेही मानेने कबूल केले.

मग त्या अण्णांकडे वळल्या. अण्णा सरळ उभे होते. गुंडी उघडी, चेहरा लाल, मान ताठ. काकूंनी आळीतल्या उघड्या खिडक्यांकडे एकवार पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "आमच्या घरचा कोंबडा आम्हाला पोचला. तोडीचाच नाही, सवाई आहे. तुमच्या खिळेवाल्यांपासून आजपर्यंतचं सगळं फिटलं. आमचं या घराकडे काहीही येणं राहिलं नाही."